वाऱ्याला वाट

वारा पुरता अडवला, तर तो काहीच देत नाही. १९२० साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवून दिलं, की वाहत्या वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के ऊर्जा काढून घेता येते. यंत्र कितीही उत्तम असो, या रेषेपलीकडे त्याला जाता येत नाही. कारण समजायला सोपं आहे. पात्यांना ऊर्जा देऊन झाली की त्या हवेला पलीकडे निघून जावं लागतं. तिच्यातली सगळी गती काढून घेतली, तर ती तिथेच साचेल आणि मागून येणारा वारा तिला वळसा घालून बाजूने निघून जाईल. काहीच घेतलं नाही, तर मिळण्याचा प्रश्नच नाही. या दोन टोकांच्या मध्ये गणित एक नेमकी जागा दाखवतं : पलीकडे जाणाऱ्या वाऱ्याजवळ त्याच्या मूळ वेगाचा तिसरा हिस्सा राहू द्यावा. तेवढा राहू दिला, तरच सर्वांत जास्त हाती लागतं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. जनित्राची आकृती, फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम, ऊर्जेची अक्षय्यता, सगळं खडूने फळ्यावर. निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यात, पठाराच्या कडेला असलेल्या आमच्या जुन्या घरी राहायला आले आणि परसदारी आपल्या हाताने एक पवनचक्की उभी करायची, हे मनाने घेतलं. त्यामागे व्यवहारही होता. घाटमाथ्यावर जूनपासून ढग उतरतात ते सप्टेंबरपर्यंत हलत नाहीत. त्या दिवसांत छपरावरचं सौर पॅनेल मलूल होऊन पडतं. त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा पठारावरून मोकाट सुटतो, फांद्या तारांवर पडतात आणि वाडी अंधारात जाते. ज्या वाऱ्यापायी वीज जाते त्याच्याकडूनच ती मागावी, असं मला वाटलं. शिवाय आमच्या अंगणातून चाळकेवाडीच्या बाजूचं पठार दिसतं आणि त्यावर ओळीने उभ्या असलेल्या मोठाल्या पवनचक्क्या. त्यांची वीज तारांवरून दूर निघून जाते. इतकी वर्षं त्यांच्याकडे बघत राहिलेल्या माणसाला एकदा तरी ती गोष्ट स्वतः करून पाहावीशी वाटणारच.

वाऱ्यापासून वीज करण्याचा उद्योग मुळात परसातच जन्मला, हे मला बांधकामाआधीच्या वाचनात कळलं आणि फार आनंद झाला. जुलै १८८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची एक पवनचक्की उभी केली. तिची वीज बॅटऱ्यांत साठवून त्यांनी घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली, तर लोकांनी हे सैतानाचं काम म्हणून ती नाकारली. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात चार्ल्स ब्रश यांनी आपल्या वाड्यामागे एक अवाढव्य यंत्र उभारलं. सतरा मीटर व्यासाचं चक्र, देवदाराच्या जातीच्या लाकडाची १४४ पाती. चक्राचं जवळजवळ सगळं वर्तुळ पात्यांनी भरलेलं. त्यातून जास्तीत जास्त १२ किलोवॉट वीज मिळे. तळघरातल्या बॅटऱ्या त्यावर भरत आणि वाडा उजळून निघे.

सगळं वर्तुळ भरून टाकावं म्हणजे वाऱ्याचा एक कणही निसटणार नाही, हा विचार किती साहजिक आहे! त्याला छेद दिला डेन्मार्कच्या एका शिक्षकाने. आस्कोव्हच्या लोकशाळेत शिकवणारे पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये शाळेच्या आवारात पवनचक्की बांधली. तिच्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन मिळवला आणि त्यावर शाळेतले दिवे पेटवले. त्यांनी वाऱ्याचा बोगदा तयार करून पात्यांवर प्रयोग केले. मोजकी, नीट आकाराची आणि वेगाने फिरणारी पाती दाटीवाटीच्या संथ पात्यांपेक्षा जास्त काम करतात, हे त्या प्रयोगांतून दिसलं. खेड्यापाड्यांत वीज पोहोचवणारे तंत्रज्ञ त्यांनी घडवले. त्यांचाच एक विद्यार्थी, योहानेस यूल, याने १९५७ मध्ये गेडसरला चोवीस मीटर व्यासाची, फक्त तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती २०० किलोवॉटची होती. ब्रश यांच्या चक्रापेक्षा क्षेत्रफळ साधारण दुप्पट आणि क्षमता सोळापटीहून जास्त. दोन्हींची जागा वेगळी, वारा वेगळा, जनित्र वेगळं, त्यामुळे सगळं श्रेय पात्यांच्या संख्येला देता येणार नाही. पण मधली जागा मोकळी ठेवण्यात नुकसान नाही, ही गोष्ट तोवर पक्की झाली होती.

डेन्मार्कमध्ये पुढेही हे काम परसातच वाढत राहिलं. सत्तरच्या दशकात तेलाची टंचाई झाली तेव्हा क्रिस्तियान रीसागर या सुताराने आपल्या घराजवळ लाकडी पात्यांची पवनचक्की बांधून तिची वीज सार्वजनिक तारांना जोडली. ट्विन्डच्या शाळेत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून १९७५ ते १९७८ या काळात चोपन्न मीटर व्यासाची पवनचक्की बांधली. ती आजही उभी आहे. आणि मी ज्यांचा आराखडा वापरला ते ह्यू पिगट स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाच्या द्वीपकल्पावर राहतात. तिथे रस्ता जात नाही. होडीने जायचं किंवा डोंगर तुडवत चालायचं. सार्वजनिक वीज नाही. पिगट यांनी तिथे भंगारातल्या गाड्यांच्या ब्रेकड्रमपासून पवनचक्क्या बनवायला सुरुवात केली आणि पुढे तीच कृती इतकी सोपी करून लिहिली, की जगभरचे लोक लाकूड, तार आणि चुंबक घेऊन ती हाताने बनवू लागले.

आमच्या चक्राचा व्यास २.४ मीटर ठरला. म्हणजे एकेक पातं माझ्या खांद्याएवढं. वखारीतून सरळ धाग्याची, गाठ नसलेली पाइनची फळी आणली आणि वाडीतल्या आण्णा सुतारांकडे नेली. आण्णांनी आराखडा उन्हात धरून बराच वेळ पाहिला. "बाई, हे तर बुडापासून शेंड्यापर्यंत पिळत गेलंय," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की फिरताना पात्याचं टोक फार वेगाने धावतं आणि बूड सावकाश. म्हणून टोकाला वारा जवळजवळ समोरून आल्यासारखा लागतो आणि बुडाला तिरका. दर वितीवर कोन बदलतो तो त्यासाठी. सेकंदाला सहा मीटरच्या वाऱ्यात चक्र मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतं आणि टोकाचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या घरात जातो, हे ऐकल्यावर आण्णांनी फळी पुन्हा उलटसुलट करून धागा तपासला आणि मगच वाकस हातात घेतला.

वाकसाने ढोबळ आकार, मग रंधा, मग पटाशी, शेवटी कानस आणि पॉलिश पेपर. पुढची बाजू सपाट आणि पिळलेली, मागची फुगीर. माशाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा आण्णा डोळे मिटून फुगीर बाजूवरून तळवा फिरवत आणि जिथे उंचवटा लागे तिथे पेन्सिलीची खूण करत. तिन्ही पाती झाली तेव्हा मी त्यांचं क्षेत्रफळ मोजलं. ज्या वर्तुळातून ती फिरणार होती त्याचा दहावा हिस्साही ती झाकत नव्हती. बाकी सगळी मोकळी जागा. आण्णांना ते पटेना. "एवढा वारा फुकट जाणार की," ते हळहळले. मी म्हटलं, "आण्णा, खळ्यावर उफणताना वारा पुढे गेला नसता, तर भुसा कुठे गेला असता?" ते थांबले, हसले आणि म्हणाले, "वारं पडलं की उफणणी बंद, हे बाकी खरं." उन्हाळ्यात खळ्यावर वावडीवर उभं राहून आयुष्यभर उफणणी केलेला तो माणूस. वाऱ्याने जात राहावं, जाता जाता काम करून जावं, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. मला त्यासाठी बेट्झ वाचावे लागले.

जनित्राचं काम मी स्वतः केलं. साताऱ्यातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमल चढवलेली तांब्याची तार किलोवर आणली आणि लाकडी साच्यावर हँडल फिरवत नऊ कॉइल गुंडाळल्या. त्या गोलाकार मांडून, तीन-तीनच्या गटांत जोडून फायबरच्या कापडासह रेझिनमध्ये ओतल्या. हा झाला स्टेटर, न फिरणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर बारा निओडिमियम चुंबक, उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकाआड एक. १९८० च्या दशकात हे चुंबक बाजारात आले आणि घरी जनित्र करणाऱ्यांचं काम पालटलं. त्यांची ओढ इतकी जबर असते, की दोन तबकड्यांमध्ये बोट सापडलं तर चिरडेल. त्यामुळे आट्याच्या लांब दांड्यांवर तबकडी टांगून, नट थोडे थोडे फिरवत ती खाली आणायची. या स्टेटरमध्ये लोखंड नसतं. त्यामुळे चुंबकाला अडकायला काही सापडत नाही आणि मंद वाऱ्यातही चक्र सहज हलतं. एका जुन्या मोटारीच्या चाकाच्या हबवर सगळं बसवलं, हाताने फिरवलं आणि तारांना जोडलेला छोटा दिवा पेटला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी शेकडो मुलांना शिकवला होता. तो आपल्या मनगटाला जाणवतो कसा, हे त्या दिवशी कळलं. दिवा जोडला की फिरवणारा हात जड होतो, काढला की हलका. वीज कुठून तरी येते हे आपण सगळेच जाणतो. ती कुणाच्या तरी बळातून येते, हे हाताला समजलं.

आता उंची. वाऱ्याच्या हिशेबात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घन. वेग दुप्पट झाला, तर ताकद आठपट होते. सेकंदाला तीन मीटरच्या झुळुकीत आमच्या चक्रातून पंधरा-वीस वॉट मिळतात, एखाद-दुसऱ्या एलईडी दिव्यापुरते. सहा मीटरला दीडशेच्या आसपास. म्हणून जागा निवडताना वेगातला एवढासा फरकही सोडायचा नसतो. मोकळ्या माळावर उंची दुप्पट केली, की वेग साधारण दहा टक्क्यांनी वाढतो आणि ताकद एक तृतीयांशाने. परस मात्र मोकळा माळ नाही. तिथे घर आहे, आंबा आहे, फणस आहे आणि त्यांच्या मागे वारा भोवऱ्यांनी फाटलेला असतो. तसा वारा ताकद कमी देतो आणि यंत्राला हादरे जास्त. म्हणूनच घराच्या छपरावर पवनचक्की बसवणं बहुधा फसतं. रूढ नियम असा, की शेदीडशे मीटरच्या टप्प्यातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा चक्राची खालची कड तीसेक फूट वर हवी.

झाडं तोडा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. फणस माझ्या सासऱ्यांनी लावलेला. मला त्या सल्ल्याचा मोहही झाला नाही, कारण तोडलेलं झाड वाऱ्याच्या उपयोगाचं असेलही, घराच्या उपयोगाचं नसतं. आम्ही परसाच्या पश्चिम टोकाला, जिथून पावसाळी वारा येतो तिथे, साठ फुटी लोखंडी पाइप उभा केला. चारही दिशांना पोलादी तारेचे तणावे, जमिनीत काँक्रीटचे ठोकळे, विजेपासून बचावाला अर्थिंग. बुडाशी बिजागरी ठेवली, म्हणजे चेनपुलीने खांब आडवा करून खालीच दुरुस्ती करता येते. वाडीतली तरुण मुलं ओढायला आली होती. खांब सरळ झाला आणि आण्णांनी ओळंबा धरून "बास" म्हटलं, तेव्हा सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या.

या यंत्राचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे शेपूट. शेपटीमुळे चक्र वाऱ्याकडे तोंड करतं, हे कुणीही ओळखेल. पण वादळ आलं की तीच शेपूट त्याला तोंड फिरवू देते. चक्र खांबाच्या मध्यावर बसवलेलं नसतं. ते सुमारे बारा सेंटीमीटर एका बाजूला असतं. त्यामुळे वाऱ्याचा दाब सतत त्याला बाजूला वळवू पाहतो. शेपूट तिरक्या बिजागरीवर टांगलेली असते आणि तिचं वजन त्या दाबाला तोलून धरतं. वारा बेताचा असेतो वजन जिंकतं आणि चक्र समोर राहतं. वारा हाताबाहेर गेला की दाब जिंकतो, शेपूट बिजागरीवर वर चढते आणि चक्र वाऱ्याला कड देऊन उभं राहतं. झोत ओसरला की शेपूट आपल्या वजनाने खाली येते आणि चक्र पुन्हा समोर. यात संगणक नाही, स्प्रिंग नाही, बटण नाही. शेपटीच्या टोकाला किती वजन असावं, एवढाच निर्णय. जुलैत खिडकीशी बसून मी हे तासन्‌तास पाहते. आठपटीच्या नियमाने वादळात अमाप ताकद असते आणि ती सगळी पकडायला गेलेलं चक्र तुकडे होऊन पडलं असतं. आपलं यंत्र जगवायचं, तर जास्तीच्या वाऱ्याला आदबीने बाजूने जाऊ द्यावं लागतं. बेट्झचा नियम एका क्षणाच्या वाऱ्याबद्दल सांगतो. शेपूट तीच गोष्ट अख्ख्या ऋतूबद्दल सांगते.

वीज साठवतानाही हेच. बॅटरी भरली म्हणून तारा सोडवल्या, तर चक्रावरचा भार जातो आणि ते बेफाम सुटतं. म्हणून भरलेल्या बॅटरीची जास्तीची वीज आम्ही न्हाणीघरातल्या पाण्याच्या टाकीत एका हीटरला दिली आहे. पावसाळ्यात बंब पेटवायला कोरडं लाकूड नसतं, तेव्हा तेच पाणी उपयोगी पडतं. चक्र थांबवायचं असेल, तर तिन्ही तारा एकमेकींना जोडायच्या. जनित्र स्वतःच्याच विजेने स्वतःला आवरतं.

खर्चाचं खरं सांगायला हवं. तेवढ्या पैशांत सौर पॅनेल घेतली असती, तर वर्षभरात जास्त वीज मिळाली असती आणि देखभालही कमी लागली असती. पवनचक्कीची दर वर्षी खांब आडवा करून तपासणी करावी लागते. बेअरिंगला ग्रीस, पात्यांना जवसाचं तेल, तणाव्यांची ओढ. तरी ती मला महाग वाटत नाही, कारण तिने घराचं वागणं बदललं. वारा असताना पंप चालवायचा, पडला की दिवे मोजके. शेजारची मुलं खेळता खेळता सांगतात, "आजी, आज नैऋत्येचं आहे." मीटर बघायच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

आणि वारा आपल्या एकट्याचा नाही, हेही याच पठाराने शिकवलं. चाळकेवाडीच्या सड्यावर निळ्या, काळ्या, केशरी गळ्याचा सरडा राहतो. विणीच्या काळात नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौथ्या हिश्श्यावर आले आहेत, आणि म्हणून सरडे तिथे दाटीने राहतात, कमी भितात, माणसाला जवळ येऊ देतात. पण शरीराने मात्र रोडावलेले असतात. घार, ससाणा याच वाऱ्यावर तरंगतात. त्यांनी वाट बदलली आणि त्याचा परिणाम खाली दगडावरच्या सरड्यापर्यंत पोहोचला. स्वच्छ वीज हवीच. कोळशाचा धूर यापेक्षा कितीतरी जास्त जीव घेतो. पण पठाराच्या सगळ्या कडा चक्क्यांनी भरून टाकायच्या, की काही कडा पक्ष्यांसाठी मोकळ्या ठेवायच्या, हा प्रश्न ब्रश यांच्या १४४ पात्यांचाच मोठा अवतार आहे. यंत्राला जे लागू, ते डोंगरालाही लागू व्हावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आता माझं एकच मागणं आहे. मोठ्या पवनचक्क्यांच्या सावलीत असलेल्या प्रत्येक शाळेच्या आवारात मुलांनी हाताने केलेली एक लहान पवनचक्की असावी. मलावीत विल्यम कामक्वांबा या मुलाची शाळा दुष्काळात फीअभावी सुटली, तेव्हा त्याने गावच्या वाचनालयातल्या पुस्तकातली चित्रं पाहून सायकलचा सांगाडा, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून घरात दिवा लावला. त्याला जे शाळेबाहेर राहून करावं लागलं, ते आपल्या मुलांना वर्गमित्रांसोबत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. घन आणि वर्गाचं बीजगणित त्यात आहे, सुतारकाम आहे, वीज आहे, भूगोल आहे. आण्णांसारखे कारागीर गावोगाव आहेत. त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावं. पात्यांमध्ये जागा का ठेवायची आणि शेपटीला किती वजन द्यायचं, हे ज्या मुलाने आपल्या हातांनी ठरवलं असेल, तो उद्या गावाची नदी, डोंगर किंवा जंगल यांचा हिशेब मांडायला बसेल तेव्हा दोन प्रश्न विचारेल : आपण किती घ्यायचं, आणि किती जाऊ द्यायचं. आमच्या वाडीच्या शाळेत येत्या उन्हाळ्यात पहिलं पातं तासायला घेणार आहोत. वाकस आण्णांचा, फळी माझ्याकडची.